तीन ग्रंथ, एक साक्षीदार : गॅझेटिअर कसं वाचावं?



गेल्या महिन्यात एका ज्युनिअरनं सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. पहिल्याच पानावर भोसलेकालीन नागपूरबद्दल एक विधान होतं आणि त्याला तीन संदर्भ जोडलेले होते : जेन्किन्स 1827, ग्रँट 1870, रसेल 1908. पुढे वाक्य होतं, 'या माहितीला तीन स्वतंत्र स्रोतांचा दुजोरा आहे.' मी 'स्वतंत्र' या शब्दाभोवती गोल करून परत पाठवलं. त्याचा लगेच मेसेज, 'काहून ताई? तीन वेगळे लेखक, तीन वेगळी सालं, अजून काय पाहिजे?'

उत्तर मेसेजमध्ये मावण्यासारखं नव्हतं, म्हणून ही पोस्ट. तसं पाहिलं तर मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात केली आणि पीएचडीत तलावांच्या तळातला गाळ वाचते. माझे तलाव भंडाऱ्याकडचे, म्हणजे ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव. गाळाच्या थराचं वय काढायला आम्ही लेड-210 वापरतो. त्याचं अर्ध-आयुष्य साधारण 22 वर्षं, त्यामुळे त्या पद्धतीनं शंभर, फार तर दीडशे वर्षं मागे जाता येतं. त्याआधीचं काही हवं असेल, तलाव कधी बांधला, कोणी बांधला, तर प्रयोगशाळेतून उठून कागदांकडे जावंच लागतं. तशी मी गॅझेटिअरपाशी पोहोचले. आपल्याकडे स्थानिक इतिहास म्हटला की सगळे पहिल्यांदा तिथेच पोहोचतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. त्या थांबण्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी ओळख करून घेऊ

रिचर्ड जेन्किन्स हा नागपूरच्या भोसले दरबारातला इंग्रज रेसिडेंट. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 ची. त्यानंतर गादीवर आलेले तिसरे रघुजी वयानं लहान होते, म्हणून कारभार जेन्किन्सच्या हातात गेला. 1827 मध्ये त्याचा नागपूर राज्यावरचा मोठा अहवाल कलकत्त्यात छापला गेला. जमीन, शेती, महसूल, जाती, व्यापार, राजघराण्याचा इतिहास, सगळं त्यात आहे.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि राज्य खालसा झालं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटिअर 1870 चं. मग जिल्हावार मालिका निघाली, त्यातला नागपूर जिल्ह्याचा खंड 1908 चा, संपादक आर. व्ही. रसेल. स्वातंत्र्यानंतर विदर्भ आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, आणि 1966 मध्ये महाराष्ट्र शासनाचं नागपूर जिल्हा गॅझेटिअर निघालं. शासनाचा दर्शनिका विभाग आजही हे काम करतो.

पुण्या-मुंबईकडची पुस्तकं वाचून आलेल्यांसाठी एक सूचना. त्यांच्याकडे कॅम्पबेलच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड आहेत. आपण तेव्हा त्या इलाख्यात नव्हतो, म्हणून नागपूरचा कॅम्पबेल शोधू नका, तो नाहीच. वऱ्हाडचं 1870 चं गॅझेटिअरही वेगळं, ते आल्फ्रेड लायलचं. राज्यं बदलत गेली तशी आपली कागदपत्रंही विखुरली : काही नागपूरच्या पुराभिलेखागारात, काही भोपाळला, काही दिल्लीत.

एक थर्मामीटर, तीन वह्या

आता ज्युनिअरच्या प्रश्नाकडे येते. समजा प्रयोगशाळेत एकच थर्मामीटर आहे. सकाळी मी त्यावर 31 अंश वाचून वहीत लिहिलं. दुपारी दुसऱ्यानं माझ्या वहीतून आकडा उतरवला. संध्याकाळी तिसऱ्यानं त्याच्या वहीतून. रिपोर्टमध्ये आपण 'तीन वाचनं, सरासरी 31' असं लिहू का? गाईड हाकलून देतील. वाचन एकच आहे, वह्या तीन आहेत. थर्मामीटर दोन अंशांनी चुकीचा असेल तर तिन्ही वह्या दोन अंशांनीच चुकतील, आणि तिन्ही सारख्या दिसतात म्हणून आपल्याला शंकासुद्धा येणार नाही.

भोसल्यांच्या काळासाठी ग्रँट जेन्किन्सवर टेकतो आणि रसेल त्या दोघांवर. यात त्यांनी काही लपवाछपवी केलेली नाही. गॅझेटिअर म्हणजे संकलन, आधीच्या अहवालातून घ्यायचं आणि नवीन आकडे भरायचे हेच त्याचं काम. चूक आपली होते. आपण संकलनाला साक्ष समजतो आणि संकलनाच्या संकलनाला दुसरी साक्ष.

आणि मूळ थर्मामीटर कसा होता? जेन्किन्स ज्या कारभाराबद्दल लिहितो तो काही अंशी त्याचा स्वतःचाच कारभार आहे. आधी काय अवस्था होती आणि आपण हातात घेतल्यावर काय झालं, हे तो आपल्याच वरिष्ठांना सांगतोय. उपचार देणारा, निकाल मोजणारा आणि पेपर लिहिणारा एकच माणूस असेल तर आपण तो पेपर टाकून देत नाही, पण 'आधीची अवस्था किती वाईट होती' हा भाग जरा जपून वाचतो. जेन्किन्सही तसाच वाचायला हवा. त्याचं निरीक्षण बारीक आहे, मेहनत अफाट आहे आणि त्याच्याशिवाय 1820 च्या नागपूरबद्दल आपल्याला फार कमी कळलं असतं. पण तो पंच नाही, खेळाडू आहे.

'म्हणतात' हा शब्द कुठे गळतो

आता माझ्या विषयातलं उदाहरण, कारण इथे मी स्वतः घसरले होते.

वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारा समाज म्हणून कोहळी समाजाचं नाव घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते : चांद्याचा गोंड राजा काशीला गेला होता, येताना त्यानं तिथून कोहळ्यांना आणलं. लेखांत, स्मरणिकांत, वेबसाइटवर, अगदी पाण्यावरच्या संशोधनपर निबंधांतही हे वाक्य सरळ विधान म्हणून येतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्येही होतं.

मग मी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळी हे टिपण पूर्ण वाचलं. तिथे काशीची गोष्ट आहे, पण समाजात चालत आलेली परंपरा म्हणून आहे. आणि ती सांगून झाल्याबरोबर लेखक 'पण' म्हणतात. भाषा, चालीरीती, कुळांची नावं, जे काही माहीत आहे ते सगळं मराठी मुळाकडे बोट दाखवतं आणि कुणब्यांशी जवळचं नातं सांगतं, असं ते नोंदवतात. पुढे चांद्याचा सेटलमेंट ऑफिसर ल्यूसी स्मिथ याचाही हवाला आहे, की आपले पूर्वज दक्षिणेकडून आले असं या लोकांना वाटतं.

म्हणजे एकाच टिपणात तीन दिशा आहेत : उत्तर, इथलेच, दक्षिण. लेखकांनी शंका उघडी ठेवली होती. आपण त्यातली एक दिशा उचलली, 'परंपरा अशी आहे की' हे शब्द गाळले आणि उरलेलं विधान इतिहास म्हणून छापलं. नंतरच्यांनी ते आपल्याकडून उतरवलं. या साखळीत खोटं कोणीच बोललं नाही. प्रत्येकानं फक्त एक-दोन शब्द कमी केले.

आमच्या विषयात आकड्यापुढे प्लस-मायनस लिहितात. तो काढून टाकला तर आकडा अधिक ठाम दिसतो, अधिक खरा होत नाही. इतिहासातला 'म्हणतात', 'असावा', 'परंपरा अशी आहे' हा तसाच प्लस-मायनस आहे. उतरवताना तोसुद्धा उतरवा.

म्हणून आख्यायिका फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि त्यांना तिथे कोलासूर म्हणून देवपण मिळालेलं आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला गावानं देव केलं, ही नोंद कुठल्याही साहेबाच्या वहीतून आलेली नाही. ती वेगळ्या जातीची साक्ष आहे. तिच्यावरून बांधकामाचं साल ठरत नाही, पण तलाव कोणाचा मानला जात होता हे ठरतं, आणि माझ्या कामात तो प्रश्न सालाइतकाच मोठा आहे.

इंग्लंडात हे काम कसं चालतं

गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या देशात गावांचा इतिहास कसा लिहिला जातो, हे बघणं उपयोगी आहे. तिथे व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी नावाचा प्रकल्प 1899 मध्ये सुरू झाला. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा, पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला गाव-परिसर. प्रत्येक काउंटीतल्या प्रत्येक पॅरिशचा इतिहास मूळ कागदांवरून लिहायचा, असा बेत. सव्वाशे वर्षं झाली, तो अजून संपलेला नाही. 1933 पासून लंडन विद्यापीठाची इतिहास संशोधन संस्था तो सांभाळते.

मी त्याचे काही खंड ऑनलाइन चाळले, आणि पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या तळटीपा. एका छोट्या गावाच्या परिच्छेदाखाली दहा-पंधरा टिपा असतात, आणि त्या आधीच्या गॅझेटिअरला नाही, मूळ दस्तऐवजाला जातात : 1086 च्या डूम्सडे पाहणीला, जहागिरीच्या न्यायसभेच्या नोंदींना, मृत्युपत्रांना, पॅरिशच्या वह्यांना. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशनं ठेवावी असा हुकूम थॉमस क्रॉमवेलनं 1538 मध्ये काढला होता. त्यामुळे तिथला अभ्यासक साध्या शेतमजुराच्या चार पिढ्याही शोधू शकतो. आपलं 1908 चं गॅझेटिअर या कसोटीवर उणं पडतं. कुठलं वाक्य कुठून आलं हे बरेचदा अंदाजानंच ओळखावं लागतं.

पण दिपून जाऊ नका. या प्रकल्पाच्या जुन्या खंडांवर तिथल्याच अभ्यासकांनी टीका केली ती अशी, की जहागीर कोणाकडून कोणाकडे गेली आणि चर्चचा पाद्री नेमायचा हक्क कोणाचा, यातच पानंच्या पानं जातात. नांगर धरणारा माणूस दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलत गेलं. 1948 मध्ये लेस्टरला स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि तिथल्या डब्ल्यू. जी. हॉस्किन्सनं 1955 च्या पुस्तकात शेताचे बांध, जुने रस्ते, कुंपणं, ओसाड पडलेली गावं, म्हणजे जमीन हाच दस्तऐवज म्हणून वाचून दाखवला.

आता आपल्या 1908 च्या खंडाचा शेवटचा भाग उघडा, जिथे महत्त्वाच्या गावांची अक्षरानुक्रमे टिपणं आहेत. लोकसंख्या, बाजाराचा वार, शाळा, पोलीस ठाणं, आणि बऱ्याचदा मालगुजार कोण हे. म्हणजे तिकडे जहागीरदार, इकडे मालगुजार. तलावाच्या पाळीवर माती टाकणारे हात दोन्हीकडे गायब. यामागे लेखकांचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. गॅझेटिअरचा जमीन-महसुलाचा कणा हा बंदोबस्ताच्या अहवालांतून आलेला आहे. नागपूरच्या बाबतीत क्रॅडॉकनं 1890 च्या दशकात केलेला बंदोबस्त. बंदोबस्ताचा मूळ प्रश्नच असा की सारा किती आणि तो भरणार कोण? ज्या प्रश्नासाठी यंत्र बनवलं त्याचंच उत्तर ते देणार. आपण दुसरा प्रश्न घेऊन जातो आणि यंत्र गप्प बसलं की म्हणतो, 'तिथे काही नव्हतं.'

आपल्या पॅरिशच्या वह्या

'आपल्याकडे तसल्या वह्याच नाहीत ना,' असं लगेच म्हणू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद असेल : कोतवाल बुकाची नक्कल. जात पडताळणीसाठी आपण सगळे त्याच्यामागे धावलोय. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे म्हणून तहसिलीच्या रेकॉर्ड रूमबाहेर दिवस काढलेत. ते कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंद. पॅरिशच्या वहीच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची वस्तू हीच. आपण तिच्यातली आजोबांची एक ओळ काढतो आणि वही बंद करतो. त्याच वहीतली एका साथीच्या वर्षाची सगळी पानं ओळीनं वाचली तर गावाचा एक अख्खा ऋतू समोर उभा राहतो.

दुसरी वस्तू म्हणजे बंदोबस्ताची मिसल. गावागावाचा नकाशा, शेतांची यादी, आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद. तलावाचं पाणी कोणाला, गुरं कुठे चरतील, लाकूड कुठून घ्यायचं हे तिथे असतं. पुढे जंगल आणि पडीत जमिनीवरचे हे हक्क निस्तार पत्रकात आले. गॅझेटिअर जिल्ह्याबद्दल बोलतं, मिसल त्या एका गावाबद्दल.

यांच्याही मर्यादा आहेत. मिसलीतला रिवाज साहेबाला सांगितला कोणी? बहुधा ज्याचं गावात चालायचं त्यानंच. पण त्या मर्यादा गॅझेटिअरच्या मर्यादांपेक्षा वेगळ्या आहेत. दोन साक्षीदार वेगवेगळ्या कारणांनी चुकण्याची शक्यता असेल आणि तरी एकच गोष्ट सांगत असतील, तरच त्यांच्या एकमताला वजन येतं.

याचं एक चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत नंदिवर्धन हे नाव येतं. ते म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, असं अभ्यासकांनी ताम्रपट आणि नावांच्या आधारे मांडलं. हा झाला एक प्रकारचा पुरावा. मग 2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केलं, आणि मातीतून प्रभावतीगुप्ता राणीच्या नावाची मुद्रा निघाली. मातीनं ताम्रपटावरून कॉपी केली असा आरोप कोणी करू शकत नाही. दुजोरा म्हणतात तो याला.

आकड्यांचा सापळा

विज्ञान शाखेवाल्यांनो, हा भाग खास आपल्यासाठी, कारण आकडा दिसला की आपला हात थेट एक्सेलकडे जातो.

1901 च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या 7,51,844 होती. 2011 मध्ये 46,53,570. दोन बिंदू जोडले, रेषा झाली, पोस्टर तयार. थांबा जरा.

पहिली गोष्ट, मोजलेली वस्तू तीच आहे का? जेन्किन्सचं 'नागपूर' म्हणजे पूर्वेला छत्तीसगडपर्यंत पसरलेलं अख्खं राज्य. वर्धा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. 1908 च्या खंडातल्या जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशा चारच तहसिली होत्या. आज चौदा तालुके आहेत. म्हणजे जुन्या पुस्तकातली 'उमरेड तहसील' आणि आजचा 'उमरेड तालुका' एकमेकांसमोर ठेवलेत तर तुलना चुकलीच. शेजारीही तेच : 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली निघाला, 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया.

दुसरी गोष्ट, साल बघा. 1901 चा आकडा 1891 च्या आकड्यापेक्षा किंचित कमी आहे. नुसता आकडा पाहिला तर 'दहा वर्षांत काही घडलं नाही' असं वाटतं. त्या दहा वर्षांत 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ झाले. ही सपाट रेषा शांततेची नाही.

तिसरी, 1908 चं पुस्तक म्हणजे 1908 चा आकडा नव्हे. त्यात लोकसंख्या 1901 ची आहे आणि शेतीची आकडेवारी निरनिराळ्या वर्षांची. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं साल आलेखात टाकू नका.

चुकलं तर कोणाचं काय जातं?

इतका वेळ कोणी म्हणेल, हा सगळा तळटीपांचा शौक आहे. म्हणून शेवटी हे सांगते.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2008 मध्ये नियम आले. त्यातला नियम 13 सांगतो की दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील. त्या यादीत गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, बंदोबस्ताचे अहवाल आहेत, नकाशे आहेत. आणि त्याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनसुद्धा आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब करा, 1930 च्या मागे जावं लागतं. म्हणजे आपण ज्या कागदांबद्दल बोलतोय नेमक्या त्याच काळात.

आता एखाद्या टोल्याचं नाव 1908 च्या गॅझेटिअरमध्ये नाही. 'तेव्हा वस्तीच नव्हती' असं कोणी अहवालात लिहिलं, तर? त्या खंडात फक्त 'महत्त्वाची' गावं निवडलेली आहेत. जनगणना मौज्याची होते, टोल्याची नाही. एका मौज्याच्या पोटात तीन-चार टोले असू शकतात. शिवाय गावं उठतात, रिठी होतात, पुन्हा बसतात. पुस्तकात नाव नसणं हा पुस्तकाच्या निवडीचा पुरावा आहे, जंगलात माणूस नसण्याचा नाही. आणि हे वाक्य लिहिणारा बहुतेक वेळा दुष्ट अधिकारी नसतो, आपल्यासारखाच घाईत असलेला रिसर्च स्कॉलर असतो. त्याला प्रोजेक्ट मार्चच्या आत संपवायचा असतो.

उलट बाजूही बघा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथल्या लोकांच्या लढ्यात जुन्या निस्तार हक्कांच्या नोंदींना महत्त्व होतं. ज्या कागदाला आपण 'जुना रेकॉर्ड' म्हणून बाजूला सारतो त्यावर गाव उभं राहू शकतं.

नियम 13 मधली एक तरतूद मला फार आवडते. ग्रामसभेनं एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत असं तिथे म्हटलेलं आहे. शास्त्रज्ञ ज्याला स्वतंत्र मोजमाप म्हणतो ते कायद्यानं साध्या भाषेत मागितलंय. साहेबाचं पुस्तक आणि आजीचं कथन एकाच यादीत, एकाच रांगेत.

तर मग गॅझेटिअर वाचताना

माझ्या टेबलासमोर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तीच इथे देते.

1. हे वाक्य लेखकानं पाहून लिहिलं, विचारून लिहिलं, की उतरवून? रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात कितीतरी टिपणांच्या तळाशी ती कोणाच्या लेखी माहितीवरून केली ते सांगितलंय : कुठे नायब तहसीलदार, कुठे शाळामास्तर. खरा साक्षीदार तिथे भेटतो, ती बारीक अक्षरं सोडू नका.
2. उतरवलं असेल तर मूळ कुठे? मूळ मिळेपर्यंत संदर्भ एकच धरा, पुस्तकं कितीही असोत.
3. मूळ वाक्यात 'म्हणतात' होतं का? असेल तर ते माझ्या वाक्यात आहे का?
4. तेव्हाची हद्द आणि आजची हद्द एकच आहे का? नकाशा काढून बघितला का?
5. दुसऱ्या जातीचा एक तरी पुरावा आहे का? मिसल, कोतवाल बुक, शिलालेख, गाळ, पाळीवरचं देऊळ, एखादं म्हातारं माणूस. काहीही चालेल, फक्त पहिल्याच्या वहीतून उतरवलेलं नको.

गॅझेटिअर वाचू नका असं मी कुठेच म्हणत नाही. उलट, सुरुवात तिथूनच करा. एका जागी इतकं सगळं मांडून ठेवणारं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही, आणि हिरालाल यांच्यासारखा माणूस त्या कामाच्या मागे होता हे विसरू नका. त्यांनी पुढे दमोह, जबलपूर, सागर अशा जिल्ह्यांची माहिती सोप्या हिंदीतूनही लिहिली, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता यावी. इंग्रजी गॅझेटिअर तसं कधी करू शकलं नाही.

ज्युनिअरला मी एवढंच सुचवलं की तीन संदर्भांपैकी दोन काढ, जेन्किन्स ठेव, आणि 'जेन्किन्सच्या म्हणण्यानुसार' असं लिही. तो जरा नाराज झाला. पान रिकामं वाटतं म्हणे. परवा त्याचा फोन आला, तो पुराभिलेखागारात अर्ज देऊन बसला होता. मिसल अजून हातात आली नव्हती, कर्मचारी जेवायला गेले होते. 'ताई, मोडी शिकावी लागेल का?' म्हणून विचारत होता.

लागेल, बाप्पा. काही वह्या मोडीत आहेत. मीही शिकतेय, 'ळ' वर अजून अडते.